सोंगे भाड्याने मिळतील

‘सगळी सोंगं आणता येतात, पण पैशाचं सोंग आणता येत नाही,’ ही म्हण ज्या कोणा शहाण्याने काढली, त्याला एकदा आमच्या नगरच्या पालकसभेत आणून बसवला पाहिजे. काळ उलटा फिरला आहे हे त्याला पाच मिनिटांत कळेल. आता पैसे असले की सगळी सोंगं आणता येतात, आणि नसले तर साध्या गाजराचंसुद्धा आणता येत नाही. गाजराचा स्पंजचा ड्रेस भाड्याने आणावा लागतो. खरी गाजरं स्वस्त पडतात.

मी बालवाडीतल्या फॅन्सी ड्रेसविषयी बोलतो आहे. (गाव 2024 सालापासून सरकारदरबारी अहिल्यानगर झाले, हे ठाऊक आहे, पण जीभ साठीनंतर नवे नाव उशिरा शिकते.) हा सण कुठल्याही पंचांगात नाही, तरी वर्षातून पाच-सहा वेळा येतो. आषाढीला विठोबा-रखुमाई, गोकुळाष्टमीला कृष्ण, 15 ऑगस्टला क्रांतिकारक, 14 नोव्हेंबरला चाचा नेहरू. त्यात आता काही इंग्रजी बालवाड्यांनी 31 ऑक्टोबरला भुतांचीही सोय केली आहे. आपली सर्वपित्री आटोपून जरा कुठे हातपाय पसरावेत, तोवर हे विलायती पितर दारात हजर! त्यांना वडे-खीर चालत नाही, चॉकलेट लागते.

भुतांशी माझे भांडण नाही. तिकडचे जुने, खानदानी भूत म्हणजे एक पलंगपोस आणि त्याला दोन भोके. यात शिवण नाही, भाडे नाही. पलंगपोस कोणाचा, एवढाच काय तो घरगुती वादाचा मुद्दा. माझे भांडण आहे ते सोंग भाड्याने देणाऱ्या दुकानाशी आणि त्याहून अधिक तिथे रांग लावणाऱ्या आईबापांशी.

नातवाला गाडगेबाबा व्हायचे होते, म्हणून चिरंजीव मला अशाच एका दुकानात घेऊन गेले. दुकानदाराने प्लॅस्टिकच्या पिशवीतून इस्त्री केलेल्या चिंध्या काढल्या. खोटे नाही सांगत, इस्त्री केलेल्या! नव्या कोऱ्या कापडावर रंगीबेरंगी ठिगळे, तीही एका मापाची, मशीनवर शिवलेली. सोबत थर्माकोलचे खापर. मग म्हणाला, “आजोबा, डिपॉझिट वेगळं. ड्रेस फाटला तर परत मिळणार नाही.”

गाडगेबाबांचा अंगरखा फाटला तर दंड! ज्या माणसाने जन्मभर चिंध्या पांघरून लोकांची घाण झाडली, त्याच्या वेषातल्या पोराला सगळी आई सकाळभर ओरडत होती, “खाली बसू नको, मळेल!” नातू नव्हे, दुसऱ्या एका गाडगेबाबाची आई. आमच्या घरी जुना सदरा होता, त्याला हिने डिंकाने ठिगळे चिकटवली. खराटा मोरीतलाच. स्पर्धा होईपर्यंत दोन ठिगळे गळून पडली आणि सोंग आणखी खरे वाटू लागले.

मला गंमत वाटते ती ही, की बिनशिलाईचा वेष ही मुळात आपली मिरास. धोतर, उपरणे, फेटा, लुगडे. यांना सुई कुठे लागली? कापड अंगाभोवती फिरवायचे, खोचायचे, की झाला माणूस तयार. शिवलेले कपडे सोवळ्यालासुद्धा चालत नसत. आणि आता चार वर्षांच्या पोरीसाठी नऊवारी मिळते ती शिवलेली, कमरेला इलॅस्टिक लावलेली! कासोटा म्हणजे चड्डीसारखा वर ओढायचा प्रकार. पणजीने पाहिला तर ती फोटोतून खाली उतरेल.

निदान आमच्या जिल्ह्याने तरी लाज राखायला हवी. आमच्याकडची माणसे बघा. अहिल्यादेवी जामखेडजवळच्या चौंडीच्या, जन्म 1725 चा. आजीचे पांढरे पातळ दुमडून नेसवले, डोक्यावरून पदर घेतला आणि कणकेची पिंड हातावर ठेवली, की झाल्या. शिर्डीचे साईबाबा म्हणजे बापाचा लांब सदरा आणि डोक्याला गुंडाळलेला पंचा. पंडित नेहरू 1942 ते 1945 आमच्याच किल्ल्यात कैदेत होते आणि तिथे त्यांनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. त्यांना तर एक टोपी आणि कुंडीतला गुलाब पुरतो. फार काय, गावाबाहेरच्या डोंगरावर सलाबतखानाची कबर आहे, तिला सारे नगर चांदबीबीचा महाल म्हणते. आमच्याकडे इमारतसुद्धा बिनभाड्याने सोंग वठवते, मग माणसाला काय धाड भरली?

यावर सुनबाईंचे म्हणणे असे, की शाळेचा निरोप मोबाइलवर रात्री दहाला येतो, आणि दोघेही नोकरी करणारे. म्हणणे रास्त आहे. रात्री दहाला निरोप धाडणाऱ्या बाईंना एकदा पहाटे पाचला झाशीची राणी होऊन यायला सांगितले पाहिजे, घोड्यासकट. पण 1595-96 च्या वेढ्यात मोगलांनी सुरुंगाने तट पाडला, तेव्हा चांदबीबीने ते खिंडार रातोरात बुजवून घेतले म्हणतात. तिने तट भाड्याने आणला नाही. शिवाय दुकानात न्यायला एक फेरी, परत द्यायला दुसरी, आणि डिपॉझिटवरून हुज्जत घालायला तिसरी. तेवढ्या वेळात तीन विठोबा उभे राहतील.

खरी चीड मला वेगळीच आहे. त्या दिवशी रांगेत एक मुलगा नेहमीच्या गणवेशात उभा होता. बाईंनी विचारले, “तू कोण?” तो म्हणाला, “कोणी नाही.” बापाला भाडे परवडले नसेल, किंवा दुकानातले ड्रेस संपले असतील. त्याच्या हाती एक खराटा दिला असता तरी तो कोणीतरी झाला असता. पूर्वी खाकी चढवून दारात दरडावणारा बहुरूपी यायचा. त्याच्या अंगावरचा सदरा कोणाचा होता देव जाणे, पण आमची मात्र दातखीळ बसायची.

तेव्हा माझी मागणी अशी, की परीक्षकांनी मुलाला एकच प्रश्न विचारावा, “हे कोणी केलं?” उत्तर ‘आजीनं’ आले तर पाच गुण, ‘मी आणि बाबांनी’ आले तर दहा. दुकानाचे नाव आले तर दुकानदाराला स्टेजवर बोलावून बक्षीस द्यावे आणि मुलाला मोकळेपणी मातीत खेळायला सोडावे.

सामानाची चिंता नको. लग्नसराईतल्या सोनेरी पत्रिका वर्षभर कपाटावर पडून असतात. त्यांतून गावातले सगळे कृष्ण मुकुटासकट निघतील. मिशीला काजळ, दाढीला वातींचा कापूस. सेफ्टीपिना विकत आणायचे कारण नाही, आमच्या हिच्या बांगडीला चार-पाच कायम लटकलेल्या असतात.