झेंडा सत्याग्रहाचा उलटा दाखला

प्रचारपत्रकावर उमेदवाराच्या छायाचित्राशेजारी राजमुद्रा वा राष्ट्रध्वज छापण्याचे समर्थन करताना नागपूरच्या झेंडा सत्याग्रहाचा दाखला दिला जातो. तिरंगा मुळात एका राजकीय चळवळीचाच झेंडा, मग प्रचारात तो वावगा का? हा युक्तिवाद इतिहासाचे नाव घेतो आणि इतिहासच उलटा करतो.

सुरुवात महालापासून करावी. भोसल्यांच्या काळी येथे राजाचा वाडा आणि राज्याची सत्ता यांत भेद नव्हता. शिक्का राजाचा, म्हणूनच राज्याचा. १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, कंपनीने राज्य खालसा केले. शिक्का बदलला. तो सत्ताधाऱ्याच्या मालकीचा असतो, ही समजूत मात्र टिकली.

१९२३ मध्ये जबलपुरात पेटलेला झेंड्याचा वाद नागपुरात आला. सिव्हिल लाइन्समध्ये झेंडा नेण्यास बंदी होती. १ मेपासून ती मोडायला तुकड्या निघू लागल्या. जमनालाल बजाज तुरुंगात गेले, वल्लभभाई पटेलांनी सूत्रे घेतली. दीड हजारांहून अधिक सत्याग्रही पकडले गेले, तेव्हा कुठे १८ ऑगस्टला मिरवणूक त्या रस्त्याने गेली. (तो झेंडा पांढरा, हिरवा, तांबडा आणि चरख्याचा होता, केशरी रंग त्यात नव्हताच.) तो हाती घेणाऱ्याला सरकारचे वजन लाभत नव्हते, तुरुंग लाभत होता. पत्रकावरची राजमुद्रा नेमके याच्या विरुद्ध काम करते: पक्षाच्या आश्वासनाला ती सरकारी आदेशाचे रूप देते, आणि रेशन वा निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या मतदाराला दोहोंतला फरक कळू देत नाही.

२२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने राष्ट्रध्वज स्वीकारला, तेव्हा चरख्याच्या जागी अशोकचक्र आले. दोन्ही बाजूंनी चिन्ह सारखे दिसावे, ही सोयही त्यामागे होती. परंतु पक्षाचा झेंडा आणि राष्ट्राचा ध्वज त्या दिवशी वेगळे झाले, हे कोणत्याही पक्षाला नाकारता येणार नाही.

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ याच्या कलम १२३(३) नुसार उमेदवाराच्या यशासाठी राष्ट्रध्वज वा राजमुद्रेचा वापर हे भ्रष्ट आचरण आहे. ते सिद्ध झाल्यास निवडणूक रद्द होऊ शकते. मात्र त्यासाठी निकालानंतर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात याचिका करावी लागते, आणि कायद्याच्या लेखी उमेदवार ठरतो तो नामनिर्देशनानंतरच. त्याआधी वाटलेली पत्रके या कलमातून सुटतात. चतुर मुद्रकाला हे चांगलेच ठाऊक असते.