शंकरपाळ्याचे क्षेत्रफळ

फराळाच्या ताटातील शंकरपाळा हा भूमितीतला समभुज चौकोन आहे, ही गोष्ट माझ्या नातवाने मला परवा मोठ्या अभिमानाने सांगितली. मुलगा नववीत आहे. आठवीला क्षेत्रफळाच्या धड्यात त्याला पैकीच्या पैकी गुण होते. मी त्याच्या हाती काथ्याची दोरी दिली आणि म्हटले, "बाळा, विहिरीपलीकडचा तुकडा मोजून किती गुंठे भरतो ते सांग पाहू." तो गेला, चारी बाजू मोजून आला आणि विचारू लागला, "आजोबा, पण हा कुठला चौकोन?" आयत, समांतरभुज की समलंब, एवढे मी सांगायचा अवकाश, सूत्र तयार होते! माझे हसू मात्र मावळले. चौकोनाच्या ह्याच अज्ञानापायी आमच्या घराने एकदा फार मोठी किंमत मोजली आहे. सणासुदीला असला रुक्ष विषय काढल्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी; पण शाळेतल्या भूमितीशी मला आज भांडावयाचे आहे.

गोष्ट १९५८ सालची. आजच्या रायगडला तेव्हा कुलाबा जिल्हा म्हणत. चौल-रेवदंड्याकडची आमची नारळी-पोफळीची वाडी वडील आणि काका ह्यांच्यात वाटावयाची होती. भावकीतले एक वडीलधारे, मोठे सचोटीचे गृहस्थ, साखळी घेऊन उभे राहिले. जमिनीची साखळी ३३ फुटांची. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. काकांचा तुकडा चांगला काटकोनी, चारी बाजू चार-चार साखळ्या. म्हणजे १६ गुंठे. वडिलांचा तुकडा शंकरपाळ्यासारखा कललेला. त्याच्याही चारी बाजू चार-चार साखळ्या. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी घ्यावी आणि दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करावा, हा त्या गृहस्थांचा हिशेब. तोही १६ गुंठे! वडिलांनी सही केली. पुढे सात वर्षांनी रीतसर मोजणी झाली, तेव्हा समोरासमोरच्या बाजूंमधले लंब अंतर साडेतीन साखळ्याच निघाले. चार गुणिले साडेतीन, म्हणजे १४ गुंठे.

दोन गुंठ्यांत पंचवीसएक पोफळी सहज उभ्या राहतात. काकांनी फसविले असे वडिलांना वाटले, आणि भावाने खोटा आळ घेतला असे काकांना. त्यानंतर कित्येक दिवाळ्या दोघे भाऊ एका पंक्तीला बसले नाहीत. फसविले कोणीच नव्हते. बाजू सारख्या म्हणजे जमीन सारखी, असे सर्वांनीच मनोभावे मानले होते.

ही चूक आमच्या भावकीची नव्हे; ती फार जुनी आहे. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली हा सरासरीचा हिशेब दिला, पण तो स्थूल आहे असे बजावून. आयत सोडला तर कोणत्याही चौकोनाला तो खऱ्याहून अधिकच क्षेत्रफळ सांगतो. त्याच्या जोडीला ब्रह्मगुप्ताने चारी बाजूंवरून एक सूक्ष्म सूत्रही दिले. परंतु ते चारी कोपरे एका वर्तुळावर असतील तरच खरे. आमच्या कललेल्या तुकड्याला तेही १६ गुंठेच सांगते! पुढे ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांनी 'लीलावती'त ह्या गोंधळाचा चांगलाच समाचार घेतला. कर्ण किंवा लंब न सांगता जो चौकोनाचे निश्चित क्षेत्रफळ विचारतो त्याला त्यांनी पिशाच म्हटले, आणि जो उत्तर देतो त्याला त्याहून मोठे.

आचार्यांचे म्हणणे समजावयास ग्रंथ नको. घरी येणारा सुतार पुरे. चार पट्ट्या चार खिळ्यांनी जोडा. चौकट डावीकडे कलते, उजवीकडे कलते. बाजू त्याच, पण पोटातली जागा प्रत्येक वेळी निराळी. म्हणून सुतार दाराची चौकट बसविताना दोन्ही कर्ण मापून पाहतो आणि कोपऱ्यावर तिरपी पट्टी ठोकतो. सरकारी मोजणीदार शंकू आणि साखळी घेऊन येत, तेही शेताच्या आरपार एक रेषा धरीत आणि तिच्यावर दोन्ही अंगांच्या कोपऱ्यांतून लंब टाकीत. कर्णाच्या निम्म्याला त्या दोन लंबांच्या बेरजेने गुणले की साध्या चौकोनाचे क्षेत्रफळ हाती येते. ह्यात दोन त्रिकोणांपलीकडे काही नाही. आयत, समभुज, समलंब, साऱ्यांची सूत्रे ह्या एका घरातली लेकरे आहेत.

शाळा काय करते? ती लेकरे आधी पाठ करून घेते, आणि घर दाखवावयास वेळ उरत नाही. पाठ्यपुस्तकात वेड्यावाकड्या जमिनीचे त्रिकोण पाडून दाखविलेले असतात, हे मी नाकारीत नाही. परंतु ते धड्याच्या शेवटी. शिवाय प्रश्नात आकृतीचे नाव आणि हवी तेवढीच मापे आयती दिलेली असतात. सारे मोजून झाले आहे. मुलाने फक्त गुणाकार करावयाचा! आमच्या खारेपाटातले शेत खाडीच्या वळणाने वाकलेले, वाडीचे कुंपण शेजाऱ्याच्या विहिरीला वळसा घालून गेलेले. त्याच्यावर नावाची चिठ्ठी कोण चिकटविणार?

कोणी म्हणतील, आता उपग्रहाच्या साहाय्याने मोजणी होते, ही दोरी कशाला? यंत्र आकडा देईल. परंतु अलिबागेकडे गुंठ्याला लाखांनी भाव आलेला असताना कच्च्या नकाशावर चारच लांब्या लिहून जमीन दाखविणारा दलाल यंत्र बरोबर आणीत नाही. त्याला "कर्ण किती?" असे विचारणारा माणूस मला गावोगावी हवा आहे, आणि तो शाळेतूनच यावयास हवा. शिक्षकांजवळ वेळ नाही, हेही मी ऐकले आहे. पाच सूत्रे पाच आठवडे घोकण्यापेक्षा एक सकाळ मैदानात चार खुंट्या ठोकण्यास वेळ कमीच लागेल.

म्हणून परीक्षकांपाशी माझे एकच मागणे आहे. दरवर्षी एका प्रश्नात चौकोनाच्या फक्त चार बाजू द्या आणि विचारा: ह्याचे क्षेत्रफळ सांगता येईल काय? नसल्यास आणखी कोणते माप हवे? "सांगता येणार नाही, कर्ण हवा," असे लिहिणाऱ्यास पैकीच्या पैकी गुण द्या.

नातवाला मी हे सारे सांगितले. तो दोरी उचलून पुन्हा विहिरीपलीकडे गेला आहे, आणि जाताना मला पलीकडच्या कोपऱ्यावर खुंटी धरावयास बोलावून गेला आहे.