मणक्याचे ऑपरेशन : भूलतज्ज्ञाला विसरू नका

गेल्या आठवड्यात एक शेतकरी गृहस्थ मोठ्या शहरातील रुग्णालयाचा खर्चाचा कागद घेऊन दवाखान्यात आले. त्यांच्या १४ वर्षांच्या मुलीचा पाठीचा कणा एका बाजूला वाकला आहे. सळ्या व स्क्रू बसवून तो सरळ करायचे ठरले आहे. एका ओळीवर बोट ठेवून ते म्हणाले, "डॉक्टर, हे न्यूरोमॉनिटरिंग कशाला? पोरगी भुलीत असताना तिच्या नसा यंत्राला सांगणार तरी काय?"

प्रश्न मार्मिक होता. वाकलेला कणा सरळ करताना आतला मज्जारज्जू ताणला गेला किंवा त्याचा रक्तपुरवठा घटला, तर पायांतील शक्ती जाऊ शकते. असे क्वचितच घडते, पण घडल्यास जन्माचे अपंगत्व येऊ शकते. यासाठी १९७३ साली फ्रान्समधील स्टान्यारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक युक्ती मांडली. ऑपरेशनच्या मध्येच भूल हलकी करायची आणि रुग्णाला पाय हलवायला सांगायचे. ही चाचणी आजही गरजेला उपयोगी पडते, पण ती त्या क्षणापुरतीच माहिती देते.

यंत्र मात्र वारंवार तपासणी करू शकते. घोट्याजवळच्या नसेला विजेचा सौम्य झटका देऊन संदेश मेंदूपर्यंत पोचतो का, हे पाहतात. तसेच डोक्यावरून झटका देऊन पायाचे स्नायू हलतात का, हेही तपासतात. पहिल्या तपासणीत संवेदनेची वाट कळते, दुसरीत हालचालीची. एक वाट शाबूत असताना दुसरीला इजा होऊ शकते, म्हणून दोन्ही पाहिलेल्या बऱ्या.

खरी मेख भुलीत आहे. आयसोफ्लुरेन, सेवोफ्लुरेन यांसारखी हुंगवण्याची औषधे आणि नायट्रस ऑक्साइड हे संदेश क्षीण करतात, विशेषतः हालचालीचे. स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा अंमल पुरता असेल, तर मज्जारज्जू ठणठणीत असूनही पाय हलत नाही. म्हणून अशा वेळी बहुधा प्रोपोफॉल व फेंटानिल यांसारखी औषधे शिरेतून संथपणे देतात. स्नायू सैल करणारे औषध श्वासनळीत नळी घालण्यापुरतेच वापरतात. रुग्ण गाढ झोपेतच असतो, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही.

तरीही पडद्यावरची रेघ अचानक खाली आली तर? औषधाचा डोस वाढला, रक्तदाब घसरला, शरीर थंड पडले, की मज्जारज्जूवरच ताण आला? याचा उलगडा भूलतज्ज्ञाच्या मदतीशिवाय होत नाही. भूल स्थिर नसेल, तर सर्जन विनाकारण थांबेल किंवा खऱ्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करील.

आपण सर्जनच्या पदव्या विचारतो, यंत्र परदेशी आहे का हेही विचारतो. भूलतज्ज्ञाचे नाव मात्र कोणी विचारत नाही. माझ्या मते ही मोठी चूक आहे. भूल चुकीची असेल, तर लाखमोलाचे यंत्रही मुके होते.

म्हणून ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना जरूर भेटा. दोन्ही वाटा तपासणार का, संदेश घटल्यास काय करणार, अशा ऑपरेशनचा अनुभव आहे का, हे निःसंकोच विचारा. फिट्स, पेसमेकर, डोक्यातील धातू, हलणारे दात, चालू औषधे आणि पूर्वी भुलीचा झालेला त्रास, यांतले काहीही लपवू नका. डोक्यावरच्या झटक्याने जबडा आवळतो व जीभ चावली जाऊ शकते. म्हणून दातांत बोळा ठेवतात. कंबरेची गादी सरकल्यावरच्या साध्या ऑपरेशनला या तपासणीची बहुधा गरज नसते, तेव्हा प्रत्येकाने आग्रह धरू नये.

त्या गृहस्थांना मी सांगितले, "ही ओळ खोडायला लावू नका. उलट, भूल कोण देणार आहे ते विचारून या." त्यांनी कागदाच्या मागे तेवढेच लिहून घेतले.