विश्लेषण : शाळा-क्लासच्या सीसीटीव्हीला ‘रेड’ हवे, की एकच हार्ड डिस्क पुरे?

लातूरचा ट्यूशन एरिया असो की नांदेडचे श्यामनगर-भाग्यनगर, शाळा, क्लास, अभ्यासिका आणि वसतिगृहांच्या भिंतींवर कॅमेऱ्यांची गर्दी झाली आहे. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, हे सगळे विचारतात. चित्रीकरण ज्या हार्ड डिस्कवर साठते तिची चौकशी मात्र बहुतेक वेळा काही घडल्यावरच होते. त्या वेळी ‘त्या दिवसाचे फुटेज नाही’ असे उत्तर मिळाले, तर कॅमेरे बसवून उपयोग काय?

नियम काय सांगतात?

बदलापूरच्या घटनेनंतर राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने २१ ऑगस्ट २०२४ रोजी शासन निर्णय काढून शाळांमध्ये सीसीटीव्ही बंधनकारक केले. फुटेज आठवड्यातून किमान तीन वेळा तपासावे, असेही त्यात म्हटले आहे. जुलै २०२५ मध्ये ‘सीबीएसई’ने संलग्न शाळांना आवाजासह चित्रीकरण करणारे कॅमेरे आणि किमान १५ दिवसांची साठवण सक्तीची केली. ही अट संलग्न शाळांपुरती असली, तरी मुलांना लातूर-नांदेडला ठेवणारे पालक क्लास आणि वसतिगृहांकडूनही तेवढीच अपेक्षा ठेवतात.

१५ दिवसांसाठी किती जागा, किती वेग?

इथे साधे गणित करायला हवे. १६ कॅमेरे, फुल एचडी चित्र, एच.२६५ पद्धतीचे कॉम्प्रेशन आणि प्रत्येक कॅमेऱ्याचा सेकंदाला २ मेगाबिट डेटा, असे धरू. एकूण ३२ मेगाबिट, म्हणजे सेकंदाला ४ मेगाबाइट. चोवीस तास चित्रीकरण चालले तर दिवसाला सुमारे ३४६ जीबी आणि १५ दिवसांत ५.२ टीबी. ६ टीबीची एक डिस्क पुरते.

आता वेग पाहा. डेस्कटॉप संगणकात बसणारी आजची हार्ड डिस्क सलग लिहिताना सेकंदाला साधारण १५० ते २०० मेगाबाइट लिहिते. तबकडीच्या आतल्या कडेला हा वेग जवळपास निम्म्यावर येतो. तरीही गरज आहे फक्त ४ मेगाबाइटची. एकाच वेळी १६ ठिकाणी लिहिताना डिस्कच्या हेडची धावपळ होते, हे खरे. पण रेकॉर्डर डेटा आधी मेमरीत साठवून मोठ्या तुकड्यांत लिहितो. त्यामुळे ‘कॅमेरे वाढले, आता वेगासाठी रेड घ्या’ हा सल्ला एवढ्या आकाराच्या संस्थेला लागू पडत नाही.

मग ‘रेड’ कशासाठी?

अनेक डिस्क एकत्र जोडून एक मोठी किंवा सुरक्षित डिस्क असल्यासारखे काम करून घेण्याच्या पद्धतीला ‘रेड’ म्हणतात. हे नाव अमेरिकेतील बर्कले विद्यापीठातील संशोधकांच्या १९८८ च्या निबंधातून रूढ झाले. रेड ० मध्ये डेटा दोन डिस्कवर वाटला जातो. वेग जवळपास दुप्पट होतो, पण एक डिस्क गेली की सगळेच जाते. फुटेजसाठी हा प्रकार नकोच. रेड १ मध्ये दोन्ही डिस्कवर तीच नोंद होते. लिहिण्याचा वेग वाढत नाही, पण एक बंद पडली तरी दुसरी चालू राहते. रेड ५ ला किमान तीन डिस्क लागतात आणि त्यांपैकी एकीचे अपयश खपून जाते. मात्र ८ टीबीची डिस्क बदलल्यावर ती पुन्हा भरायला, १५० मेगाबाइटचा वेग सलग मिळाला तरी, सुमारे १५ तास लागतात. चित्रीकरण चालू असताना त्याहून जास्त. तेवढ्या वेळात दुसरी डिस्क गेली तर सगळा डेटा गेला.

पोलीस ठाण्यांचे गणित वेगळे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० च्या आदेशात तेथील फुटेज १८ महिने, तशी यंत्रणा नसेल तर किमान वर्षभर ठेवण्यास सांगितले. वरच्याच हिशेबाने १६ कॅमेऱ्यांचे १८ महिन्यांचे फुटेज १८९ टीबीच्या आसपास जाते. तिथे अनेक डिस्क आणि रेड यांना पर्याय नाही.

शाळेसाठी रेड १ पुरेसे आहे. पण रेकॉर्डरमध्ये दोन डिस्क बसवल्या म्हणजे रेड झाले, असे नाही. साध्या डीव्हीआरमध्ये पहिली डिस्क भरली की दुसरीवर लिहिणे सुरू होते. काही रेकॉर्डरमध्ये ‘रिडंडंट’ नावाची सोय असते, ती सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावी लागते. बसवणाऱ्याकडून ती समोर सुरू करून घ्यावी.

आवाजाचे काय?

अभ्यासिकेत हा प्रश्न किरकोळ नाही. रात्री अकरानंतर पंखे मंद झाले की डिस्कची घरघर ऐकू येते. मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी डिस्क शांत असताना साधारण २५ डेसिबल आवाज करते. ७,२०० फेऱ्यांची मोठी डिस्क ३० च्या आसपास, आणि हेड धावू लागले की ३५ पर्यंत जाते. सारख्याच दोन डिस्क झाल्या की आवाज ३ डेसिबलने वाढतो, चार झाल्या की ६ ने. जागतिक आरोग्य संघटनेने वर्गातील पार्श्वभूमीच्या आवाजासाठी ३५ डेसिबलची मर्यादा सुचवली आहे. म्हणजे चार डिस्कची पेटी वाचकांच्या डोक्यावर टांगणे बरे नव्हे. खरा त्रास अनेकदा डिस्कपेक्षा पेटीच्या छोट्या पंख्याचा आणि पत्र्याचा असतो. भिंतीवरची पत्र्याची पेटी ढोलासारखी घुमते. रबरी वॉशर लावले किंवा पेटी कार्यालयात हलवली, की बराच फरक पडतो.

कंपनाचा परिणाम वेगावरही होतो. शेजारच्या डिस्कच्या थरथरीने हेड जागेवरून सरकते आणि पुन्हा लिहावे लागते. साध्या डेस्कटॉप डिस्क अनेक संख्येने एका पेटीत कोंबू नयेत, याचे हे एक कारण. मात्र नेहमीची घरघर सोडून ठरावीक अंतराने ‘टक-टक’ ऐकू येऊ लागले, तर तो बिघाडाचा इशारा समजून फुटेज लगेच दुसरीकडे उतरवून घ्यावे.

कोणती डिस्क घ्यावी?

स्वस्त डेस्कटॉप डिस्क घेताना माहितीपत्रक वाचावे. सीगेटच्या बॅराकुडा मालिकेतील अनेक डिस्क वर्षाला २,४०० तास आणि ५५ टीबी कामासाठी आहेत. वर्षाचे तास आहेत ८,७६० आणि आपल्या १६ कॅमेऱ्यांचा डेटा होतो १२६ टीबी. स्कायहॉक किंवा डब्ल्यूडी पर्पल या सीसीटीव्हीसाठीच्या डिस्क चोवीस तासांसाठी आणि वर्षाला १८० टीबीच्या कामासाठी बनवलेल्या आहेत. थोडे जास्त पैसे मोजावे ते इथे.

मराठवाड्याच्या उन्हाळ्याचाही हिशेब ठेवावा लागतो. बाहेर पारा ४० च्या पुढे असताना छताजवळच्या बंद पेटीत डिस्क साठ अंशांच्या आसपास, म्हणजे अनेक डिस्कच्या मर्यादेपर्यंत पोहोचू शकते. वीज वारंवार जात असेल तर यूपीएसशिवाय रेडही धोक्यात येते.

चोर जाताना डीव्हीआरच उचलून नेतो, तेव्हा आतल्या दोन्ही डिस्क सोबतच जातात. कोणी फुटेज पुसले, तर रेड १ ते दोन्हीकडून पुसते. त्यामुळे घटना घडली की त्या वेळेचे फुटेज त्याच दिवशी पेन ड्राइव्हवर काढून ठेवावे. एरवी महिन्यातून एकदा प्लेबॅकमध्ये सर्वांत जुनी तारीख पाहावी. ती १५ ऐवजी ९ दिवसांपूर्वीची निघाली, तर जागा कमी पडते आहे किंवा एक डिस्क कधीच बंद पडली आहे.