पीएच.डी.चे दिवे

डिसेंबर २०२३ मध्ये विधिमंडळाच्या नागपूर अधिवेशनात ‘सारथी’च्या संशोधक विद्यार्थ्यांच्या अधिछात्रवृत्तीचा विषय निघाला, तेव्हा पीएच.डी. करून ही मुले काय दिवे लावणार, असा सवाल सत्ताधारी बाकांवरून करण्यात आला. त्याचे उत्तर पुणे जिल्ह्यातच, जुन्नर तालुक्यातील खोडदच्या परिसरात उभे आहे.

गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली सार्वजनिक पैशातून तेथे महाकाय रेडिओ दुर्बीण उभारली गेली. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांना पत्र्याऐवजी तारांची जाळी लावून खर्च आटोक्यात ठेवण्यात आला. आपल्या आकाशगंगेच्या शेजारच्या बटु दीर्घिकांमधील हायड्रोजन वायूचे क्षीण रेडिओ तरंग ही दुर्बीण टिपते. या दीर्घिकांत तारे थोडे, उजेड जेमतेम. परंतु वायूच्या फिरण्याचा वेग मोजला की दीर्घिकेचे खरे वजन कळते. आयेशा बेगम, जयराम चेंगलूर आणि रशियाचे इगोर काराचेन्त्सेव यांनी २००५ मध्ये सुमारे १ कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या ‘एनजीसी ३७४१’चा अभ्यास प्रसिद्ध केला. तिचा वायू दृश्य ताऱ्यांच्या कडेच्या आठपटींहून दूरवर पसरलेला आढळला. तिचे वस्तुमान तारे आणि वायू यांच्या हिशेबात बसेना. बहुतांश भाग अदृश्य द्रव्याचा ठरला. चमकते तेवढेच मोजणारा हिशेब किती तोकडा असतो, याचा हा पुरावाच होय.

शासनाचा हिशेब मात्र अजून तसाच आहे. २०२०-२१ मध्ये देशाने संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या अवघा ०.६४ टक्का खर्च केला. केंद्राची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती जानेवारी २०२३ पासून ३१ हजारांवरून ३७ हजार रुपये झाली, तीही संशोधकांनी आवाज उठविल्यानंतर. निरीक्षणांच्या रात्री आणि आकडेमोडीचे महिने हे श्रमच आहेत. त्यांचा मोबदला म्हणजे खैरात नव्हे. तो लांबला तर सुखवस्तू घरातला विद्यार्थी कळ काढू शकतो. शेतमजुराची मुलगी मात्र प्रबंध अर्धवट टाकून घरी परतते. विलंबाची किंमत अशी वर्गानुसार वसूल होते.

म्हणून अधिछात्रवृत्ती दरमहा ठरलेल्या तारखेस मिळावी आणि तिची संख्या तिजोरीच्या सोयीने कापली जाऊ नये, ही मागणी कार्यकर्त्यांनी विद्यापीठांच्या दारांपुरती न ठेवता गावोगावच्या सभांत मांडली पाहिजे. दिवे लावणाऱ्यांच्या हाती आधी तेल तरी पडू द्या!