'नाही' आणि 'पाहिलेच नाही'

गेल्या पावसाळ्यात एक संशोधक विद्यार्थी छावणीतील माझ्या घरी एक तक्ता घेऊन आला. त्याचा प्रश्न मोलाचा होता. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला. त्यापूर्वीच्या मराठी गद्यात फारसी-अरबी शब्द कितपत आढळतात? त्याने महानुभाव ग्रंथांच्या संगणकीय फाइली जमवून 'बॅश' भाषेत एक छोटी स्क्रिप्ट लिहिली होती. 'ग्रेप' ही आज्ञा प्रत्येक फाइलीत शब्द शोधी आणि स्क्रिप्ट तक्त्यात 'आहे' किंवा 'नाही' असे नोंदवी. 'लीळाचरित्र उत्तरार्ध' या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'नाही' होते. त्यावर निबंधाचे एक प्रकरण उभे राहू घातले होते.

वस्तुतः ती फाइल उघडलीच गेली नव्हती. नावातील मोकळ्या जागेमुळे बॅशने एका नावाची दोन केली, आणि त्या नावांच्या फाइली अस्तित्वातच नव्हत्या.

प्रत्येक प्रोग्राम संपताना ० ते २५५ मधील एक संकेतांक मागे ठेवतो. परीक्षेच्या उलट, येथे शून्य म्हणजे यश. ग्रेपचा ० म्हणजे शब्द सापडला, १ म्हणजे सापडला नाही, २ म्हणजे शोध घेण्यातच चूक झाली. विद्यार्थ्याने शून्याखेरीज सारे काही 'नाही' मानले होते. भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धीला प्रमाण मानले खरे, पण योग्यतेची अट घालून : वस्तू असती तर दिसलीच असती, अशी स्थिती हवी. अंधारात घट दिसला नाही, यावरून घटाभाव सिद्ध होत नाही.

दुरुस्तीनंतर त्याला स्वतःचा एक संकेतांक हवा होता : फाइल जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमधली असेल, तर शोध घेण्याआधीच थांबण्यासाठी. (अशा फाइलीत शब्द डोळ्यांना दिसतो, ग्रेपला नाही.) त्याने १ निवडला, म्हणजे पुन्हा तोच घोटाळा! १२६ आणि १२७ बॅशने स्वतःसाठी घेतले आहेत. दुसरा म्हणजे आज्ञाच सापडली नाही. १२८ च्या पुढचे बाहेरून थांबवलेल्या प्रोग्रामांचे. कंट्रोल-सी दाबले की १३०. ६४ ते ७८ या अंकांना बीएसडी परंपरेने अर्थ दिलेले आहेत. आणि कोणी हौसेने २५६ लिहिलाच, तर तो गुंडाळून शून्य होतो, अपयशाची वार्ता यश होऊन पोचते! मी ८० सुचवला. त्याला स्क्रिप्टच्या आरंभीच नाव द्यावे, हेही सांगितले.

'पडद्यावर संदेश छापला की पुरे, अंकाचे एवढे स्तोम कशाला?' असे त्याने विचारले. संदेश माणूस वाचतो, वाचलाच तर. पुढची स्क्रिप्ट केवळ अंक वाचते आणि त्यावर निर्णय घेते. आपल्या प्रबंधांतील 'हा शब्द आढळत नाही' ही वाक्येही पुढचा अभ्यासक अशीच, फाइल न उघडता, उचलतो.

आता त्याच्या तक्त्यात तिसरी नोंद आहे : 'पाहिले नाही'. तिने तीन रकाने व्यापले आहेत, आणि ते प्रकरण तूर्त थांबले आहे.