दुवा तुटला कोठे, हे आधी शोधावे

उजनी धरणाच्या दरवाजांतून भीमेत पाणी सोडल्याची वार्ता पंढरपुरात येते, तेव्हा प्रांत कचेरीपासून वाळवंटातल्या होडीवाल्यापर्यंत ती ज्या वाटांनी जाते त्या साऱ्या वाटा आज बहुतांशी मोबाईलच्या मनोऱ्यांवर विसंबून आहेत. आणि ज्या रात्री वीज जाते, मनोऱ्यांच्या बॅटऱ्या उतरतात व त्याच घटकेला प्रत्येक जण आपल्या माणसाची खुशाली विचारू लागतो, त्या रात्री हे विसंबणे किती महागात पडते याचा अनुभव २६ जुलै २००५ च्या पुरात मुंबईने घेतला आहे. १४ ऑक्टोबर २०२० रोजी पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जीव गेले आणि पाठोपाठ भीमेला पूर आला. त्या दिवसांनंतर पर्यायी संपर्कव्यवस्थेचा विचार हा केवळ हौशी लोकांचा विषय राहिलेला नाही.

हौशी बिनतारी हे असे पर्यायी साधन आहे, आणि ते काही आजचे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा ज्यांना लोक हॅम म्हणून ओळखतात ते हौशी बिनतारी केंद्रचालक आपली यंत्रे घेऊन मराठवाड्यात धावले होते. डिसेंबर २००४ मध्ये सुनामीने अंदमानचा बाहेरच्या जगाशी संबंध तोडला, तेव्हा निव्वळ छंदाच्या मोहिमेवर पोर्ट ब्लेअरला गेलेल्या भारती प्रसाद व त्यांचे सहकारी यांनी त्याच यंत्रांवरून लोकांचे निरोप मुख्य भूमीवर पोचवले. ही सेवा वंदनीय आहे. परंतु ती प्रामुख्याने तोंडी बोलण्याची होती, आणि नावांची लांबलचक यादी, विसर्गाचा क्युसेकमधील आकडा किंवा औषधाचे प्रमाण खरखरत्या आवाजात सांगताना पाचाचे पंधरा व्हायला वेळ लागत नाही. ती उणीव पॅकेट रेडिओ भरून काढतो. लिहिलेला मजकूर लहान तुकड्यांत विभागायचा, प्रत्येक तुकड्यावर पाठवणाऱ्याचे व घेणाऱ्याचे कॉलसाइन, म्हणजे केंद्राचे ओळखनाव, घालायचे, १२०० व २२०० हर्ट्‌झच्या दोन स्वरांत तो साध्या व्हीएचएफ यंत्रातून सोडायचा. पलीकडच्या यंत्राने तपासणीचा आकडा जुळवून पाहायचा, जुळला तर पोच द्यायची आणि न जुळला तर तुकडा निमूटपणे टाकून द्यायचा, एवढी ही पद्धत. हवाई विद्यापीठात १९७१ साली बिनतारी संगणक-संदेशांचा जो प्रयोग झाला त्यातून तिची बीजे आली, १९७८ साली माँट्रिअलच्या हौशी मंडळींनी ती आपल्या यंत्रांवर उतरवली आणि १९८४ साली एएक्स-२५ या नावाने तिचा सर्वमान्य संकेत छापून आला. चाळीस वर्षांनंतरही तो संकेत चालतो, कारण त्याला उपग्रह लागत नाही, कंपनी लागत नाही आणि वीज लागते ती मोटारीच्या बॅटरीएवढीच.

तरीही यंत्रे विकत घेतली म्हणजे व्यवस्था उभी राहिली, ही समजूत मला धोक्याची वाटते. पॅकेट रेडिओचे जाळे नोडांचे बनते, म्हणजे निरोप घेऊन पुढच्या ठाण्याला स्वतःहून पोचवणाऱ्या केंद्रांचे. आणि दोन नोडांमधला दुवा आज जोडला म्हणून उद्या जोडलेलाच असेल असे कोणी सांगू शकत नाही. जाळ्याचे आयुष्य यंत्रांच्या किमतीवर ठरत नाही. तुटलेला दुवा कोणता व तो का तुटला हे शांतपणे शोधून काढणारी माणसे गावात आहेत की नाहीत, यावर ठरते.

आपल्या मुलखाचेच उदाहरण घेऊ. उजनी धरण ते पंढरपूर हे अंतर सरळ रेषेत सुमारे ५० किलोमीटर आहे. अँटेनाची उंची मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गमुळाला ४.१२ ने गुणले की त्या अँटेनाचे बिनतारी क्षितिज किलोमीटरमध्ये येते, असा सपाट प्रदेशाचा ढोबळ हिशेब आहे. घराच्या गच्चीवरील ९ मीटरची अँटेना त्या हिशेबाने १२ किलोमीटरच्या किंचित पलीकडे पाहते; अशा दोन अँटेना एकमेकींना २५ किलोमीटरपर्यंत गाठतील, म्हणजे पंढरपूरहून मंगळवेढा जेमतेम हाती येईल, पण उजनी येणार नाही. मध्ये करकंबला १८ मीटरचा मनोरा उभारला, तर एका बाजूला पंढरपूर व दुसऱ्या बाजूला धरण असे दोन्ही पल्ले त्याच्या कवेत येतात. तीन केंद्रांची ही साखळी कागदावर अगदी निर्दोष दिसते. ती प्रत्यक्षात कशी बिघडते, हे समजून घेणे हेच या लेखाचे प्रयोजन आहे.

समजा, पंढरपूरच्या पडद्यावर करकंबच्या नोडचा बीकन, म्हणजे आपण चालू असल्याची त्याची हाक, दर काही मिनिटांनी स्वच्छ उमटतो आहे, आणि तरीही पंढरपूरने जोडणीची विनंती केली की यंत्र ठरावीक वेळा प्रयत्न करून हार मानते. अननुभवी चालक अशा वेळी प्रथम शक्ती वाढवतो, नंतर आवाज वाढवतो, आणि मग आज्ञावली बदलत बसतो. तीन गोष्टी एकदम बदलल्यामुळे खरे कारण कोणते होते हे त्याला पुढे कधीच कळत नाही. अनुभवी चालक आधी एकच प्रश्न विचारतो: पलीकडून नकार आला, की काहीच आले नाही? नकार आला असेल, तर नोड जिवंत आहे, त्याने आपले म्हणणे ऐकले आहे, आणि दोष बहुधा पत्त्यात किंवा मांडणीत आहे. कॉलसाइनच्या मागे ० ते १५ पैकी जो अंक लावतात तो एकाने चुकला, तरी शेजारच्या दारावर थाप मारल्यासारखे होते. काहीच आले नसेल, तर आपण त्याला ऐकतो पण तो आपल्याला ऐकत नाही, अशी दाट शक्यता धरावी.

ही एकतर्फी बधिरता हा या शास्त्रातला सर्वांत फसवा रोग आहे. तिच्या मुळाशी पुष्कळदा अगदी क्षुल्लक कारण असते. प्रक्षेपक चालू झाल्यापासून पूर्ण जोर धरेपर्यंत आणि पलीकडच्या यंत्राचे स्क्वेल्च, म्हणजे एरवीची खरखर अडवणारे दार, उघडेपर्यंत सेकंदाचा काही अंश जातो. तेवढी उसंत न देता मजकूर सोडला, की पॅकेटचे डोके कापले जाते व उरलेले धड निरुपयोगी ठरते. म्हणून ही उसंत, म्हणजे टीएक्स-डिले, प्रारंभी ३० वर, अर्थात ३०० मिलिसेकंदांवर, ठेवावी आणि दुवा पक्का झाल्यावर हळूहळू कमी करावी. आवाजाच्या बाबतीत लोक नेमके उलटे वागतात. मोठा आवाज अधिक दूर जातो हा भ्रम आहे. मर्यादेबाहेर आवाज चढवला की दोन्ही स्वर विकृत होतात, आणि माणसाच्या कानाला जोरकस वाटणारे पॅकेट मोडेमला मुळीच वाचता येत नाही. त्यातही आपल्या प्रदेशाचा खास दोष म्हणजे पाऊस. चार महिने कोरड्या वाऱ्यात तडकलेल्या केबलच्या जोडात जूनच्या पहिल्या सरीचे पाणी शिरते, येणारे संकेत तरीही कसेबसे ऐकू येतात, जाणारी शक्ती मात्र वाटेतच विरते, आणि चालक आठवडाभर संगणकात दोष शोधत राहतो. गच्चीवर जाऊन जोड उघडून पाहणे हे काम कोणत्याही आज्ञावलीपेक्षा आधीचे आहे.

निरोप मधल्या केंद्रांतून कसा न्यावा, याचाही एक जुना धडा आहे. पूर्वी मधले केंद्र डिजिपीटर असे. ते ऐकलेले पॅकेट जसेच्या तसे पुन्हा बोलून दाखवी, आणि पोच मात्र शेवटच्या टोकाकडून पुन्हा सर्व टप्पे ओलांडून परत यावी लागे. प्रत्येक टप्प्यावर शंभरांपैकी नव्वद पॅकेटे सुखरूप जातात असे धरले, तरी चार टप्पे जाऊन पोच चार टप्पे परत येण्याची शक्यता केवळ ४३ टक्के उरते. १९८७ साली नेट-रॉम ही नोडची आज्ञावली आली व तिने हा न्याय बदलला: प्रत्येक टप्प्याची पोच त्या टप्प्यातच घ्यावी आणि चुकले तर तेवढाच टप्पा पुन्हा करावा. पण या सुधारणेबरोबर एक नवा घोटाळाही आला. नोड एकमेकांना आपापल्या वाटांची यादी वेळोवेळी ऐकवतात, प्रत्येक वाटेला ० ते २५५ मधील गुणांक देतात, आणि १९२ गुणांकाचे दोन दुवे जोडले की त्या संयुक्त वाटेला १४४ गुण मिळतात, असा हिशेब चालतो. पावसाळा सरल्यावर एखाद्या निवांत, थंड रात्री जमिनीलगतची हवा गार व वरची उबदार झाली, की लहरी वाकून दीडदोनशे किलोमीटरवरचा परका नोड घटकाभर ऐकू येतो; आपला नोड त्याला भोळेपणाने शेजारी मानून यादीत उत्तम गुणांनी नोंदवतो, आणि सकाळी उन्हाने ती वाट नाहीशी झाली, तरी यादीतून ती काही तास जात नाही. त्या अवधीत आलेला प्रत्येक निरोप अस्तित्वात नसलेल्या दारावर जाऊन पडतो. म्हणून विश्वासाच्या वाटा चालकाने स्वहस्ते नोंदवून पक्क्या कराव्यात व अनोळखी शेजाऱ्याला कमी गुण द्यावेत, असा जाणत्यांचा दंडक आहे. यंत्राच्या आपोआपपणावर सर्वस्वी विसंबणे हे संकटकाळी परवडणारे नाही.

दुसरा दोष समाजाचा आहे, म्हणजे एकाच लहरीवर अनेकांनी बोलण्याचा. सांगोल्याचे केंद्र व मोहोळचे केंद्र ही दोन्ही पंढरपूरच्या उंच नोडला ऐकू येतात. पण परस्परांत सुमारे ६५ किलोमीटर अंतर असल्यामुळे ती एकमेकांना ऐकू शकत नाहीत, दोघांनाही लहर मोकळी वाटते, दोघेही एकदम बोलतात आणि नोडच्या कानी निव्वळ गोंगाट पडतो. माउलींच्या पालखीतळावरील समाजआरती ज्याने पाहिली आहे त्याला याचे उत्तर निराळे सांगायला नको. चोपदाराचा दंड वर होताच हजारोंचा समुदाय स्तब्ध होतो, ज्या दिंडीची तक्रार आहे तिचेच टाळ तेवढे वाजत राहतात, तिचे म्हणणे ऐकून घेतले जाते, हरवले-सापडल्याचे पुकारे होतात आणि मग आरती सुरू होते. लहरीवरही अशीच शिस्त लागते. लहर मोकळी दिसली तरी प्रत्येक यंत्राने लगेच न बोलता चारांतून एकदाच बोलावे, एरवी क्षणभर थांबून पुन्हा पाहावे, अशी मांडणी करता येते. ती सर्व केंद्रांनी सारखी ठेवली पाहिजे, कारण एकाने जरी उतावळेपणा केला तरी बाकीच्यांचा संयम वाया जातो.

मराठीचाही प्रश्न येथे आहे, आणि तो गौण नाही. आपल्या लिपीची प्रत्येक खूण संगणकात साधारणतः तीन बाइट जागा घेते, आणि सेकंदाला १२०० बिटांच्या या वाटेवरून १६० खुणांचा निरोप जायला तीन सेकंदांहून अधिक लागतात. शिवाय पलीकडचे जुने यंत्र सात बिटांच्या मांडणीवर राहिले असेल, तर शुद्ध मराठी मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात व चालक दुवाच बिघडला असे समजतो. मी म्हणेन, यंत्रे आठ बिटांवर आणावीत आणि निरोप आखूड करावेत, पण मराठी सोडू नये. घाटावरच्या स्वयंसेवकाला जो निरोप कळायचा आहे तो त्याच्याच भाषेत गेला पाहिजे.

कोणी म्हणेल की शासनाकडे पोलिसांची बिनतारी यंत्रणा आहे, उपग्रह-दूरध्वनी आहेत, मग या हौशी खटाटोपाची गरज काय? त्या यंत्रणा आवश्यकच आहेत. परंतु त्या मोजक्या अधिकाऱ्यांच्या हाती असतात, उपग्रह-दूरध्वनी खाजगी माणसाला परवानगीविना बाळगता येत नाही, आणि आषाढीला लाखोंचा समुदाय गावात असताना हरवलेल्या म्हाताऱ्या माणसाचे नाव ६५ एकरातल्या तळापासून गोपाळपुरापर्यंत कळवायचे, तर त्यासाठी पोलिसांची वाट अडवणे योग्यही नाही. हौशी सेवेला मर्यादा आहेत हे मात्र स्पष्ट सांगितले पाहिजे. तिच्यात गुप्त लिपीला मनाई असल्यामुळे जे निरोप उघड्यावर जाऊ नयेत ते तिच्यावरून धाडू नयेत, आणि परवान्यावाचून कोणीही प्रक्षेपकाला हात लावू नये. केंद्रीय दळणवळण खात्याची परीक्षा बारा वर्षांवरील कोणालाही देता येते. गोपाळपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलांना तर ती मुळीच कठीण नाही.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा प्राधिकरणाची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर सोपवली आहे. त्यांना माझी विनंती आहे, की उजनी, करकंब व पंढरपूर अशा तीनच केंद्रांपासून प्रारंभ करावा, खरेदीच्या ठरावात देखभालीची तरतूद आधी लिहावी, आणि दर आठवड्याला एक ठरलेला निरोप दोन्ही दिशांनी पाठवून त्याची पोच किती प्रयत्नांत आली, बॅटरीचा दाब किती होता, कोणता दोष आढळला व तो कशाने गेला, याचा रोजनामा प्रत्येक केंद्रावर ठेवण्याचा हुकूम काढावा. मंदिर समितीने उंच जागा द्यावी, महाविद्यालयाने मुले द्यावीत आणि जिल्ह्यातील परवानाधारक हॅम मंडळींनी त्यांना शिकवावे. हे सारे पुढच्या आषाढीपूर्वी व्हावे, कारण केबलचे जोड तपासायचे ते मृगाच्या आधी.